दोन रंगीत प्रती

प्रिंटरमधून कागद अर्धा बाहेर आला आणि मी हातातला चहा तसाच मायक्रोवेव्हवर ठेवून दिला. कागदावर कादंबरीचा फोटो होता. माझी मुलगी, वय वर्षं अडीच, पिवळा फ्रॉक घालून खिडकीशी उभी. फ्रॉक पांढरा आला होता आणि चेहरा निळा.

हा निळा मी एकदा खरोखर पाहिलेला आहे. नोव्हेंबरमध्ये, याच टेबलाशी. काकडीच्या कोशिंबिरीत मी दाण्याचं कूट घातलं होतं. त्याचा काही विचार केला नव्हता, हात आपोआप त्या डब्याकडे जातो तसा गेला. कादंबरीने दोन घास खाल्ले. आधी ओठ सुजले, मग खोकला, मग तो रंग. शेजारचा शेल्डन इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तो नेमका शिफ्टला निघत होता, म्हणून सहा मिनिटांत आम्ही इमर्जन्सीत होतो. तो पाच मिनिटं आधी निघाला असता तर, हे वाक्य मी अजून पुरं करत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दाणे नाहीत. घराबाहेर मात्र ते आहेत, म्हणून हा कागद. अ‍ॅलर्जीचा अ‍ॅक्शन प्लॅन. वर मुलीचा फोटो, मधे पिवळा पट्टा, म्हणजे सुरुवातीची लक्षणं, आणि खाली लाल पट्टा. लाल पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय की इंजेक्शनचं पेन मांडीत कधी आणि कसं द्यायचं. माझ्या हातातल्या कागदावर पट्टाही पांढरा आणि अक्षरंही पांढरी. म्हणजे जे वाचून माझ्या मुलीचा जीव वाचायचा, तिथे कोरा कागद होता.

रविवार दुपारचे दोन वाजले होते. मंगळवारी सकाळी सात वाजता कादंबरीचा चाइल्डकेअरमधला पहिला दिवस होता आणि आठ वाजता माझा लॅबमधला. खाणीतून आलेल्या दगडात सोनं किती आहे ते तपासणारी लॅब. पुण्यात केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं त्याला सात वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची तीन मी घरातच घालवली आहेत, नोव्हेंबरपासून तर फक्त पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचण्यात. लॅबची ट्रेनिंगची बॅच मंगळवारीच सुरू होणार होती, पुढची थेट सप्टेंबरात. चाइल्डकेअरच्या कोऑर्डिनेटरने स्पष्ट कळवलं होतं: प्लॅनच्या दोन रंगीत प्रती, एक किचनच्या भिंतीवर, एक औषधाच्या पिशवीत. त्या आल्याशिवाय मुलीला ठेवून घेता येणार नाही, सॉरी. मला तिचा रागही आला नाही. मी तिच्या जागी असते तर तीन मागितल्या असत्या.

डॉक्टरांनी सही केलेला प्लॅन शुक्रवारी संध्याकाळी ईमेलने आला. शनिवारी कादंबरीला जरा कणकण होती. घरात प्रिंटर आहे म्हणून मी निश्चिंत होते. निश्चिंत हा शब्द मी स्वतःबद्दल सहसा वापरत नाही, आणि वापरला की हे असं होतं. रविवारी दुकानं बंद, सोमवारी लेबर डेची सुट्टी. कालगुर्ली, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं हे आमचं खाणीचं गाव, तिथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘कोणाकडे कलर प्रिंटर आहे का, अर्जंट’. उत्तरादाखल तीन अंगठे आले आणि एस्परन्सच्या बीचवरचे अकरा फोटो. लाँग वीकेंडला निम्मं गाव समुद्रावर गेलं होतं.

मी नवऱ्याला, हृषीकेशला, फोन लावला. तो मायनिंग इंजिनियर, आठ दिवस साइटवर आणि सहा दिवस घरी. हा त्याचा साइटवरचा चौथा दिवस.

“क्लीनिंग कर ना, मेनूत आहे बघ,” तो म्हणाला.

“केलं.”

“किती वेळा?”

“सात.”

“सात?”

“आधी नुसत्या रेघा येत होत्या रे. पहिल्या क्लीनिंगनंतर जरा बरं वाटलं. म्हणून अजून एकदा केलं. मग अजून एकदा.”

“नीलू, क्लीनिंग म्हणजे तो आतल्या आत शाई थुंकत असतो. सात वेळांत कार्ट्रिज संपवलंस तू.” मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. “ऐक, गॅरेजमध्ये टेंटच्या मागे एक रिफिल किट आहे. बाटल्या, सिरिंज, सगळं आहे. आणि हेन्री अंकलना बोलव. त्यांची हयात गेलीय त्यात. मला जायला हवं. पॅनिक होऊ नकोस.”

पॅनिक होऊ नकोस हे मला फोनवरून सांगण्यात त्याचीही काही हयात गेलीच आहे.

हेन्री अंकल म्हणजे शेल्डनचे वडील. वसईला पारनाक्यावर त्यांचं तीस वर्षं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आता ते आणि पॉलीन आंटी मुलाकडे असतात. शेल्डन त्या वीकेंडला पर्थला गेला होता. मी कुंपणावरून हाक मारली तर दोघंही आले, अंकल गळ्यात चष्मा अडकवून, आंटी पदराला हात पुसावेत तशा टॉपला हात पुसत.

“शेल्डनकडे प्रिंटर आहे गं,” अंकल म्हणाले. “पण लेझर, काळा-पांढरा. डॉक्टर माणूस, त्याचा रंगाशी संबंध रक्तापुरता.”

“पोराला नावं ठेवायला हे पहिले,” आंटी म्हणाल्या. “दे, कादंबरीला मी आमच्याकडे घेऊन जाते. इथे शाईत हात घालेल.”

“नको आंटी, इथेच असू दे.” माझ्या तोंडून जरा जास्तच घाईने निघालं.

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. “हात धुतलेत बाय, साबण लावून, दोनदा. घरातल्या प्रत्येक पाकिटाचं मागचं वाचलंय. तुझ्यापायी माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.”

“तसं नाही आंटी.”

“तसंच आहे. असू दे. आम्ही मागच्या पॅटिओत बसतो, जाळीच्या दारातून तुला दिसू. चालेल?”

चालेल म्हटलं. कादंबरी केळं घेऊन त्यांच्यामागे गेली. जाताना “Bye Mumma, no touching!” असं मलाच बजावून गेली. हे वाक्य दिवसभरात मी तिला किती वेळा म्हणत असेन?

अंकलनी प्रिंटरचं झाकण उचललं आणि आत बघून च्च केलं. कार्ट्रिजचा गाडा मधोमध थांबलेला होता.

“हा बंद कसा करतेस तू?”

“भिंतीवरच्या बटणाने.”

“रोज?”

“प्रिंट झाली की लगेच.”

मी त्यांना सांगितलं ते असं. रोज झोपण्याआधी मी घरभर फिरते. केटल, टोस्टर, टीव्ही, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची भिंतीवरची बटणं बंद. आईची सवय. पुण्यात ती वीज वाचवायला करायची, मी आग लागेल म्हणून करते. नोव्हेंबरपासून दोन फेऱ्या मारते. प्रिंटरवर तर माझा विशेष डोळा, कारण तो आपणहून कधीही घरघर करतो.

“अगं, ती घरघर म्हणजे तो आपलं डोकं सांभाळत असतो,” अंकल म्हणाले. “हे बघ, उजव्या टोकाला रबराची टोपी आहे. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की गाडा तिकडे जातो, तोंडावर टोपी बसते, शाई ओली राहते. तू भिंतीवरून वीज तोडलीस की तो बिचारा असेल तिथे उघड्या तोंडाने उभा. आणि इथली हवा ही अशी. वसईला चाललं असतं एक वेळ. इथे आमचा टॉवेल दोरीवरून काढला की पापडासारखा मोडतो.”

“म्हणजे हे मी केलं.”

“बटणाने केलं,” अंकल म्हणाले. “तू नुसतं दाबलंस.”

त्यांना हसू आलं, मला नाही. मला कोशिंबिरीचा वाडगा दिसत होता. काळजीपोटी केलेली गोष्टसुद्धा उलटते, तर मग मी करायचं तरी काय?

हृषीकेशच्या गाडीच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये होतं. अंकलनी ते कोमट करायला लावलं. बशीत टिश्यूची घडी भिजवून तिच्यावर कार्ट्रिज तोंड खाली करून ठेवलं. तोंडाशी तांब्याच्या रंगाची चपटी पट्टी असते आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं.

“घासू?” मी विचारलं.

“अजिबात नाही. भोकं कायमची जातील. सुकलेली शाई आपोआप सुटते. दहा मिनिटं बघायचं नाही.”

मी तीन मिनिटांनी बघितलं. अंकलनी माझा हात बशीवरून बाजूला केला, माशी हाकलावी तसा. दूर खाणीत सुरुंग उडाला, खिडकीची काच जराशी थरथरली. इथे ते रोजचंच, तरी मी जाळीच्या दाराकडे बघितलं. कादंबरी आंटींच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटातली अंगठी फिरवत होती.

दहा मिनिटांनी टिश्यूवर एक निळी रेघ उमटली होती, शेजारी पिवळ्याची फिकट सावली, आणि दुसऱ्या बाजूला अगदी पुसट गुलाबी. “रस्ता मोकळा झाला,” अंकल म्हणाले. “आता घर रिकामं आहे ते भरायचं.”

कार्ट्रिजवरचं लेबल सोललं की खाली तीन भोकं असतात. आत तीन खण, प्रत्येकात स्पंज. कुठला रंग कुठे, हे किटच्या कागदावर छापलेलं होतं, पण अंकलनी तो कागद बाजूला सारला आणि प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक बुडवायला लावली. टूथपिकच्या टोकांवर आलं त्याच्या बरोबर उलट कागदावर छापलं होतं.

“पारनाक्यावर एकाने असंच कागदावर विश्वासून पिवळ्यात निळी भरली. लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती हिरवा आला. चल, घे सिरिंज.”

“मी?”

त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पसरून दाखवला. बोटं थरथरत होती, अगदी बारीक, सतत. “दोन वर्षं झाली. म्हणून तर दुकान विकलं. चष्मा माझा, हात तुझा.”

 सुईशी माझं तसंही वाकडं आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनचं एक खोटं पेन सरावासाठी दिलंय. रोज सकाळी मी ते सोफ्याच्या उशीत खुपसते, दहा सेकंद मोजते, आणि रोज मनात येतं, उशी ओरडत नाही, हातपाय झाडत नाही. त्या दिवशी हात लटपटला तर?

मी लाल शाई सिरिंजमध्ये ओढली. जांभळाकडे झुकणारी, गडद गुलाबी लाल. सिरिंज उजेडाकडे धरली तर आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला. आणि इथे माझ्या हाताने काहीतरी आपणहून केलं. सुई वर करून मी सिरिंजला नखाने टिचकी मारली, एकदा, दोनदा. बुडबुडा वर सरकला. मग दट्ट्या केसभर ढकलला, हवा निघून गेली, सुईच्या टोकावर एक थेंब आला आणि तिथेच थांबला.

अंकलनी चष्मा वर केला. “हे कुठे शिकलीस?”

“ब्यूरेट. कॉलेजमध्ये. नळीच्या तोंडाशी बुडबुडा राहिला तर आमच्या मॅडम अख्खं रीडिंग खोडायच्या.”

“मग मला कशाला बोलावलंस? मी झोपलो असतो दुपारचा.”

त्या दुपारी मी पहिल्यांदा हसले.

“आता ऐक,” अंकल म्हणाले. “सुई स्पंजच्या तळापर्यंत ने. आणि थेंब थेंब सोड. स्पंजला प्यायला वेळ लागतो. जोरात ढकललंस तर शाई कडेकडेने वर येते, हवा मधे कोंडते. वरून दिसतं भरलेलं, आत पोकळ. मग चार ओळी छापून बंद.”

मी थेंब थेंब सोडत होते. एक, थांब. दोन, थांब. श्वास रोखून धरला होता.

आणि पॅटिओतून खोकला आला.

एकच ठसका नव्हे. एकामागून एक, कोरडा, दमवणारा. माझा अंगठा दट्ट्यावर होता. तो खाली गेला, सगळाच्या सगळा. भोकातून गुलाबी फेस वर आला. मी सिरिंज टाकली, फ्रीजवरचं इंजेक्शनचं पेन ओढलं आणि जाळीचं दार ढकलून बाहेर धावले.

आंटींनी कादंबरीला मांडीवर सरळ बसवलं होतं. एका हाताने तिची हनुवटी धरली होती आणि चष्म्यातून तिचा चेहरा बारकाईने बघत होत्या.

“ओठ ठीक,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “अंगावर पुरळ नाही. हे बघ, श्वास लागतोय का? नाही. पाणी घटाघटा प्यायली, ठसका लागला. पेन खाली ठेव.”

कादंबरीने आणखी एकदा खोकून दाखवलं आणि म्हणाली, “Water went wrong way.”

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ओठ बघितले, पापण्या बघितल्या, कानामागे बघितलं. हात बाजूला केले तर तिच्या दोन्ही गालांवर लालभडक पंजे.

“Mumma, you’re red,” ती खूश होऊन म्हणाली.

“आंटी, तुम्हाला हे सगळं…”

“शेल्डनने पाठ करून घेतलंय आमच्याकडून. मला आणि ह्यांनाही. रोजरीची प्रार्थना झाली की प्लॅन म्हणायचा, असं झालंय.” त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. “तुला काय वाटलं, तू एकटीच बघतेस हिच्याकडे?”

 मी आत गेले.

अंकल कार्ट्रिजसमोर हात मागे बांधून उभे होते. गुलाबी फेस भोकाच्या कडेने पिवळ्याच्या दिशेने सरकत होता. “टिश्यू,” ते म्हणाले. मी टिश्यूचं टोक लावून तो टिपला, शेजारच्या भोकाच्या अगदी काठावर.

“गेलं का अंकल?”

“पिवळ्यात नाही गेलं. पण लालच्या स्पंजात हवा शिरली. आता एकच औषध. तोंड खाली करून ओल्या टिश्यूवर ठेवायचं, हवा आपली वर निघून येते. तासभर. आणि हात लावायचा नाही. तुला जमेल?”

“नाही जमणार.”

“मग मी घड्याळ घेऊन बसतो.”

आणि ते खरंच बसले, खुर्ची ओढून, बशी आणि माझ्या मधे. आंटी घरी गेल्यावर मी कादंबरीला आत घेऊन तिचे गाल धुतले. गुलाबी पुरता गेला नाही. तासाभराने लालच्या भोकाशी तीन बारीक बुडबुडे आले आणि फुटले. स्पंज खाली बसला होता. मी पुन्हा सिरिंज भरली, टिचकी मारली, हवा काढली. या वेळी एक खण भरायला आठ मिनिटं लागली. मग पिवळा. मग निळ्यात थोडी भर. कोरड्या टिश्यूवर तोंड टेकवल्यावर तीन रेघा उमटल्या, शेजारी शेजारी, स्वच्छ.

“झालं,” अंकल म्हणाले. “भोकांवर लेबल लाव आणि चालव. मी चहाला जातो, नाहीतर माझी ही बोंबलेल.”

कार्ट्रिजच्या जुन्या लेबलला शाई लागून त्याचा चिकटपणा गेला होता. मी चिकटपट्टी घेतली. गळली तर? प्रिंटरच्या आत शाई सांडली तर? म्हणून दुसरी पट्टी आडवी लावली. कडा नखाने दाबून घेतल्या. मग ते प्रिंटरमध्ये बसवून प्रिंटचं बटण दाबलं.

कागद हळूहळू बाहेर आला. केस काळे, कपाळ गव्हाळ, गाल गुलाबी, ओठ ओठांसारखे. माझी मुलगी. पिवळा फ्रॉक पिवळा. पिवळा पट्टा आला. मग लाल पट्टा सुरू झाला, अगदी दाट, अक्षरं ठळक. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीला लाल विटका पडला, चौथीला गुलाबी, आणि पाचव्या ओळीपासून खाली काहीच नाही. ‘पेन मांडीवर दाबून’ इथपर्यंत वाचता येत होतं. पुढचं कोरं.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कादंबरी सोफ्यावर बसून क्रेयॉनने रेघोट्या मारत होती. क्लीनिंगचं बटण स्क्रीनवर होतं आणि माझं बोट त्याच्यावर. एकदाच. एकदा करून बघायला काय हरकत आहे?

बोट मी तिथेच धरून ठेवलं. कुंपणाकडे जाऊन हाक मारावी का? अंकल दुपारभर बसले होते. आणि मंगळवारी लॅबमध्ये काही अडलं तर मी कुठल्या कुंपणावरून हाक मारणार होते?

मी खुर्चीवर बसले आणि कॉलेजमध्ये बसायचे तशी बसून विचार करायला लागले. शाई आहे, आत्ताच भरली. रस्ता मोकळा आहे, टिश्यूवर तीन रेघा आल्या. बुडबुडा नाही, तासभर थांबलो. सुरुवात चांगली होते आणि मग धार अडते. वरून चांगली, मग अडते. माझा उजवा अंगठा नकळत तर्जनीवर दाबला गेला आणि मला पिपेट आठवली. काचेची नळी, आत द्रव, वरच्या तोंडावर बोट. बोट घट्ट दाबून धरलं की द्रव खाली पडत नाही, थेंबभरसुद्धा. बोट जरा सैल केलं की खाली यायला लागतो. पहिल्या वर्षाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी कार्ट्रिज बाहेर काढलं. वरच्या दोन पट्ट्या, कडा नखाने दाबलेल्या. गळू नये म्हणून मी ते असं गच्च बंद केलं होतं की खालून शाई निघाली तरी तिची जागा घ्यायला वरून हवाच जाणार नव्हती.

मी दोन्ही पट्ट्या सोलल्या. एकच नवी लावली, सैल. मग शिवणाच्या डब्यातली टाचणी घेऊन प्रत्येक भोकावर एक टोचा मारला. पहिला टोचा मारताना कानाजवळ धरलं होतं. ऐकू आलं की नाही सांगता येणार नाही, पण लालच्या भोकाशी पट्टी आत ओढली गेली होती ती सपाट झाली, हे मी पाहिलं.

पुन्हा कार्ट्रिज बसवलं. पुन्हा बटण.

मी कागदाकडे बघत नव्हते, सोफ्याकडे बघत होते. घरघर चालू होती. मग थांबली. मग मी बघितलं.

लाल पट्टा वरपासून खालपर्यंत लाल होता. शेवटची ओळ अ‍ॅम्ब्युलन्सची, तिच्याखाली डॉक्टरांची सही, निळी. मी पाचवी ओळ मोठ्याने वाचली, मग सहावी, मग सगळा पट्टा. कादंबरी उठून जवळ आली.

“Is that me?”

“हो, तूच.”

“Why my cheeks so pink?”

गाल खरंच जरा जास्त गुलाबी आले होते, फोटोत आणि बाहेरही. दुसरी प्रत काढली. ती पहिलीपेक्षा चांगली आली.

आता बंद करायचं होतं. मी प्रिंटरवरचं, त्याचं स्वतःचं बटण दाबलं. आतला गाडा उजवीकडे गेला आणि तिथे काहीतरी हलकेच बसल्याचा आवाज आला. दिवा विझला. माझा हात भिंतीकडे गेला होता. तो बटणावर टेकला आणि मी तो तिथून काढून घेतला. त्या रात्री घरात मी एकच फेरी मारली. प्रिंटरच्या खोलीत दोनदा डोकावले, ते वेगळं.

मंगळवारी सात वाजता कोऑर्डिनेटरने दोन्ही प्रती हातात घेतल्या. “Beautiful, nice and clear,” म्हणाली आणि एक किचनच्या भिंतीवर लावायला निघाली. मी तिच्यामागे गेले. पालकांनी किचनमध्ये जायचं नसतं, म्हणून दारात उभी राहिले.

“सॉरी,” मी म्हटलं, “तुम्ही ते एकदा मोठ्याने वाचाल का? लाल पट्टा.”

मला वाटलं ती हसेल. तिने चष्मा लावला आणि वाचलं, सावकाश, एकेक ओळ, बोट ठेवून. मधे आत काम करणारी मुलगी हात पुसत येऊन शेजारी उभी राहिली, मग आणखी एक. पाचव्या ओळीशी कोऑर्डिनेटर थांबली आणि त्या दोघींना विचारलं, “किती सेकंद?” दोघींनी एकदम सांगितलं. बरोबर सांगितलं.

कादंबरीने माझा हात केव्हा सोडला ते मला कळलं नाही. ती वाळूच्या टबाशी उकिडवी बसली होती, एका मुलाला आपले गाल दाखवत. मी पाच मिनिटं थांबले, मग आणखी पाच. तिने एकदाच वर बघितलं.

“Go, Mumma. You’ll be late.”

लॅबमध्ये सुपरवायझरने आम्हा सहा जणांपुढे एकेक पिपेट ठेवली आणि हातमोजे घालायला सांगितले. घालण्याआधी त्याचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडा अजून लाल होत्या.

“What happened there?”

“शाई,” मी म्हटलं, आणि मग इंग्रजीत सांगितलं. फोन पिशवीत होता, आवाज पूर्ण वाढवलेला. मी पिपेट उचलली, द्रव वर ओढला, वरच्या तोंडावर बोट ठेवलं. आत बुडबुडा नव्हता. मग बोट जरासं सैल केलं.